सरकारी सिद्धता

आई, आज वर्गात एका पोट्ट्याने मला तुझाच प्रश्न विचारला. फळ्यावर चार ओळींची एक सिद्धता लिहून झाली, खडू खाली ठेवला आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "ये तो भगवान का काम है." मागच्या बाकावरून आवाज आला, "मैडम, आप तो मंदिर जाती नहीं, फिर भगवान बीच में कहाँ से आ गए?" वर्ग हसला, मीही हसले. मुलगा आपल्यासारख्याच मराठी घरातला, पण रायपूरात वाढलेला, बोलणार हिंदीत. मला राग आला नाही, कारण त्याच्या वयात मीही तुला अशीच हिंदीत उत्तरं द्यायचे आणि तू ओरडायचीस, "आईसंग तरी मराठी बोल, पोट्टे!" त्याला मी म्हटलं, उद्या सांगते. पण आधी तुला सांगितल्याशिवाय उद्या वर्गात उभं राहावंसं वाटेना.

तू शाळेत गणित शिकवायचीस, पण माझा वर्ग भरायचा तो आपल्या स्वयंपाकघरात. रेल्वे कॉलनीच्या गणपतीत कॅरमची स्पर्धा असते, बाबा तिचे कायमचे व्यवस्थापक. हरला तो बाद, असा नियम. मी शाळकरी असतानाचं एक वर्ष, सदतीस नावं आली आहेत आणि एकूण सामने किती होतील हे काढायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलं आहे. मी ओट्याजवळ पाट टाकून बसले आहे आणि कागदभर खाने पाडते आहे. पहिल्या फेरीत अठरा सामने, एकाला पुढे चाल, मग दुसरी फेरी, पुन्हा एकाला चाल. तू पोळी लाटता लाटता वाकून बघतेस.

"सदतीस जण खेळणार, जिंकणार किती?"

"एक."

"मंग हरणार किती?"

"छत्तीस."

"एका सामन्यात हरतात किती?"

"एकच."

"मंग झाले ना छत्तीस सामने! एवढे खाने काहून पाडून राहिली?"

मी जिंकणाऱ्यांच्या मागे धावत होते आणि तू नुसते हरणारे मोजून मोकळी झालीस. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तसं ते उत्तर समोर पडलेलं होतं. मी तुला शाबासकी दिली, तर तू पोळी तव्यावर टाकत म्हणालीस, "मले काय म्हणते? हे देवाचं आहे."

पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली आणि तुझ्या नोकरीचे कागद जुन्या राज्यातून नव्यात आणण्यासाठी तुला शंकर नगरच्या कचेऱ्यांचे खेटे घालावे लागले. पाट्यांचा रंग अजून ओला, खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नाही, पण फाईल मात्र जुन्याच चालीने या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी काम झालं. घरी येऊन तू पंख्याखाली बसलीस आणि म्हणालीस, "चूक कोणाचीच नाही. पन झाल्याचा आनंदही नाही." त्या दिवसापासून आपल्या घरात सिद्धतांच्या दोन जाती झाल्या, देवाची आणि सरकारी. सरकारी म्हणजे बरोबर, पायरीपायरीने, प्रत्येक शक्यतेवर शिक्का मारत गेलेली.

मी डॉक्टरेट करत होते तेव्हा ठिपके आणि रेषांच्या जाळ्यांबद्दल एक प्रमेय सिद्ध केलं आणि ती पानं घेऊन थेट तुझ्याकडे आले. तू पातोड्यांचं बेसन थापून थंड व्हायला ठेवलं होतंस. हात पुसलेस आणि सगळी पानं उभ्या उभ्या वाचलीस. अशी शक्यता असेल तर असं, तशी असेल तर तसं, प्रत्येक शक्यता वेगळी तपासलेली. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तू म्हणालीस, "बरोबर आहे. पन सरकारी आहे."

"आई, परीक्षकांनी मान्य केली आहे!"

"हव. सरकारी मान्य होतेच."

मी इतकी चिडले की तुझ्या देवावरच घसरले. म्हटलं, मी तर तुझा देव मानतही नाही. तू सुरीने वड्या पाडत शांतपणे म्हणालीस, "नको मानू. पन चांगली सिद्धता दिसली का नाव कोनाचं घेशील, ते मले सांग." रागारागाने मी पातोड्या दोनदा वाढून घेतल्या आणि मनाशी पक्कं केलं, या प्रमेयाची अशी सिद्धता काढीन की तुला देवाची म्हणावीच लागेल. ती मिळायच्या आत तू गेलीस.

मिळाली ती गेल्या महिन्यात, सदर बाजारात, कपड्याच्या एका दुकानापुढे. गाड्यांची अशी कोंडी झाली होती की माझी स्कूटर पुढे सरकेना आणि मागेही जाईना. इतकी वर्षं मी ठिपके मोजत होते. मोजायला हवी होती रेषांची टोकं. एका रेषेला टोकं दोनच, तेवढं सुचलं आणि सगळ्या शक्यता आपोआप गळून पडल्या. मागचा माणूस हॉर्न वाजवतोय, "दीदी, आगे बढ़ो!" आणि मी खुळ्यासारखी हसते आहे. घरी येऊन लिहून काढलं, अर्धं पान झालं. चूक नाही. चार वेळा तपासलं आहे, तुझीच मुलगी आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. लांबलचक सिद्धतेत माणूस दिसतो. तो कुठे अडला, कुठे घामाघूम झाला, सगळं कळतं. ती ज्याची त्याची असते. सुंदर सिद्धतेत मात्र कोणाचीच मेहनत दिसत नाही. वाटतं, ही आपल्या आधीही इथेच होती आणि आपल्यानंतरही राहील. मग ती माझी म्हणायला जीभ रेटत नाही. बेवारस मालमत्ता सरकारजमा होते, तशी बेवारस सिद्धता देवाच्या नावावर जमा होते. म्हणून जगभरचे गणिती, पक्के नास्तिकसुद्धा, अशा वेळी देवाचं नाव घेतात. त्यात भक्ती असेलच असं नाही. सापडलेल्या वस्तूवर आपलं नाव न घालण्याचा तो प्रामाणिकपणा आहे. उद्या त्या पोट्ट्याला मी हेच सांगणार आहे आणि त्याला ते पटेल, याची मला खात्री आहे.

पत्र तर कुठे टाकायचं नाही, म्हणून त्याला जे सांगणार नाही ते इथे लिहिते. अर्धं पान लिहून झालं त्या संध्याकाळी मी देवाचं नाव घेतलं नाही. पान हातात धरून सरळ स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याजवळ कोणी नव्हतं. हे देवाचं नाही, आई. हे मी काढलं आहे. तू एकदा बघायला हवं होतंस.