साठीची दुर्बीण

कांगासनिएमी,
१२ जून १९९४

चि. तौनो यास हिल्काताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणतोस आणि त्याच पत्रात नवी होडी घेतल्याचंही लिहितोस. म्हणजे वल्हवायला गुडघा बरा, बहिणीकडे यायला तेवढा वाईट! असो. इकडे बटाटे लावून झाले, डासांनी उच्छाद मांडलाय आणि तुझा दादा नेहमीसारखा तोंड शिवून बसलाय.

आता खरी बातमी. ऑगस्टमधल्या जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धेत आजवर दुर्बिणीला मज्जाव होता. नजर अधू झाल्यापासून ओइवादादा तिकडे फिरकला नाही तो त्यामुळेच. यंदा स्पर्धेच्या मंडळानं ठराव करून युद्धातल्या दुर्बीणवाल्या स्नायपर रायफलींचा वेगळा गट केलाय. रायफल लष्करानं दिली तशी असली म्हणजे झालं. दादाच्या तुकडीतले उरलेसुरले सोबती, विल्होसुद्धा, येणार आहेत. डॉक्टर म्हणतात, दादाचा उजवा डोळा पुढचा उन्हाळा बघणार नाही. म्हणजे हीच शेवटची संधी.

मी त्याला न विचारता नाव देऊन टाकलं. सांगितलं तर म्हणाला, नको. का, तर नको. या माणसापुढे डोकं तरी किती फोडावं? तू लिही, तुझं तो ऐकतो. तू दिलेली दुर्बीण तर आहेच रायफलीवर, मग अडतंय कुठे?

सगळी माया त्या होडीवर उधळू नकोस, थोडी आमच्यासाठी ठेव.

तुझी,
हिल्काताई


एस्किलस्टूना (स्वीडन),
२६ जून १९९४

ती. हिल्काताईस तौनोचा सा. न.

वि. वि. दादाला आजच वेगळं पत्र टाकलंय. सरळ लिहिलं, की तू विल्होकडून हरायला घाबरतोस. बघ कसा चवताळून उठतो.

ताई, त्याची साठी आठवते? मी कोठारातून त्याची रायफल गुपचूप उचलली, मिक्केली शहरातल्या बंदुकीच्या कारागिराकडून लाकूड कापून हलकी करवली, वर शिकारीची नवीकोरी दुर्बीण बसवली. युद्धातल्या जुन्या दुर्बिणीची खरवडलेली नळकांडी त्या कारागिरालाच देऊन टाकली. अंगण माणसांनी भरलेलं, कॉफी चाललेली, मास्तरांचं भाषण काही संपेना, आणि मी मध्येच उठून ती त्याच्या हातात ठेवली. त्यानं रायफल उलटीसुलटी केली, मग मला घट्ट जवळ घेतलं. युद्धात बाकीच्या पोरांबरोबर गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून मला सुरक्षित राहायला स्वीडनच्या गाडीत बसवलंत तेव्हा तो आघाडीवर होता. परत भेटलो तेव्हा मला धड फिनिश येत नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण याच घरातले.

बक्षीस मिळालं तर अर्धं माझं, सांगून ठेव त्याला.

मोठ्यांना नमस्कार, मांजराला गोंजारणे. लोभ आहे, तो वाढता ठेव.

तुझा,
तौनो


कांगासनिएमी,
१६ ऑगस्ट १९९४

चि. तौनोस अनेक आशीर्वाद.

वि. वि. लिहायला हात धजत नाही, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझं पत्र वाचून दादा तयार झाला. स्वतः कोटाला इस्त्री केली. तिथे नेम धरण्याआधी प्रत्येक रायफल टेबलावर ठेवून तपासतात. तपासनीस हेइस्कानेन फार सभ्य माणूस. त्यानं कापलेलं लाकूड पाहिलं, दुर्बिणीसाठी पाडलेल्या नव्या भोकांवरून बोट फिरवलं, मूळ दुर्बीण कुठे म्हणून विचारलं. मग हळूच म्हणाला, माफ करा, ही आता शिकारीची रायफल झाली, या गटात बसत नाही. दादा म्हणाला, माहीत आहे.

तेवढ्यात विल्हो पुढे आला. सगळ्यांदेखत म्हणाला, अशा रायफली देशात मोजक्या उरल्यात, हिच्यावर करवत चालवणारा गाढव कोण? मी तोंड उघडणार, तोच दादानं माझा दंड दाबला आणि म्हणाला, मीच. रानात हिंडवायला जड व्हायची.

विल्होनं टोपी घातली आणि पाठ फिरवली. युद्धात दोघे एका खंदकात झोपले होते रे. नंतर वाटाण्याचं सूप वाढलं, तर दादाच्या बाकावर कुणीही येऊन बसलं नाही. त्यानं एकट्यानं सगळं संपवलं, वाडगा विसळून ठेवला आणि आम्ही निघालो. गाडीत मी विचारलं, तर म्हणाला, रस्त्याकडे बघ.

त्या काळी निम्म्या गावानं लष्करी रायफली अशाच कापून घेतल्या. तुला कोण दोष देणार? पण त्याचं ‘नको’ मी ऐकलं असतं तर? हे माझ्या मनातून जात नाही.

रागावू नकोस. आहे तशी माया असू दे.

तुझी,
हिल्काताई


कांगासनिएमी,
४ सप्टेंबर १९९४

चि. तौनो यास आशीर्वाद.

वि. वि. पत्र मिळालं. मंडळाला लिहून खरं सांगतो म्हणतोस. सांगायचं नाही. जुनी दुर्बीण शोधतो म्हणतोस. कारागीर कधीच मेला, दुकान गेलं, आणि कापलेलं लाकूड काही परत फुटत नाही.

वाईट वाटलं का, विचारतोस. वाटलं. साठीच्या दुसऱ्या दिवशी सौनाच्या न्हाणीघरामागे जाऊन बराच वेळ बसलो होतो, खोटं कशाला बोलू? विल्हो अजून फोन करत नाही, त्याचंही वाटतं. एक गोळी तरी झाडायची होती त्याच्या शेजारी पडून. ते राहिलं. रायफल परत करतील हे ठाऊक होतं, पण गेलो नसतो तर तुला कारण सांगावं लागलं असतं.

आईनं तुला पाठवलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मी घरी असतो तर जाऊ दिलं नसतं. सहा वर्षांनी आलास तो पाहुण्यासारखा. पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागायचास. मोठा झालास, बायको घेऊन आलास, तरी तेच. माझ्या साठीला पहिल्यांदा तू कुणाला न विचारता कोठारात शिरलास आणि माझी वस्तू उचलून नेलीस. असं घरचाच माणूस करतो. त्याचं नाव मी त्या टेबलापाशी कसं घेणार होतो?

हिल्काला सांग, रडू नकोस. मी सांगितलं तर ऐकत नाही. बाकी ठीक. येत जा.

तुझा,
ओइवादादा