एका चहापुरता मिथेन

ता. २ मे, पहाटे
देवाला हात जोडून ठरवले. जमिनीखालून काढलेले इंधन या घरात बंद. कन्या महिनाअखेरीस रसायनशास्त्र शिकायला परगावी जाणार. निघायच्या दिवशीचा तिचा चहा मी स्वतः तयार केलेल्या मिथेनवर होईल. गच्चीवर ड्रम, त्यात देठे, साली, शेण. वरून नळी, मध्ये वॉल्व्ह, शेवटी ट्रकची जुनी ट्यूब. ट्यूब फुगली की गॅस तयार. पाणीपुरवठ्याच्या गोदामात माझी हयात वॉल्व्ह मोजण्यात गेली. अवघड काहीच नाही.
ही म्हणाली, "आधी मोरीतला गळका नळ बघा." बायकांची दृष्टी जवळची असते.

ता. ३ मे
राखीव सिलिंडर मेहुण्याला देऊन टाकले. माघार घ्यायची सोयच नको. तो म्हणाला, "ठेवतो जपून, भावोजी. महिनाभराने न्यायला या." आणि हसला. मनातल्या मनात क्षमा केली.
स्कूटर चादरीत गुंडाळली. यापुढे पायी.

ता. ४ मे
पोटऱ्या भरून आल्या. चादर सोडली. उद्यापासून पायी.

ता. ६ मे
कन्येकडून अल्केन समजून घेतले. गावच्या शाळेत हा धडा आला तेव्हा मास्तर रजेवर होते. कार्बनला चार हात. मिथेन म्हणजे एकट्या कार्बनचा संसार, चारही हातांना एकेक हायड्रोजन. प्रोपेनमध्ये तीन कार्बन, ब्यूटेनमध्ये चार, ते आपल्या सिलिंडरात. पेट्रोलमध्ये सात-आठ जण हातात हात घालून उभे. पुढे डिझेल, त्याहून पुढे मेणबत्तीचे मेण. साखळी लांबली की जडपणा येतो. माणसाचेही असेच असावे. आणि शेवटी सगळ्यांनी जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायचे.
मग सिलिंडरने काय घोडे मारले, असे हिने विचारले. कन्या म्हणाली, सिलिंडरातला कार्बन युगानुयुगे जमिनीत गाडलेला होता, सालींमधला कालपरवा हवेतच होता. तो परत गेला तर भर पडत नाही. मला हे आधीपासूनच वाटत होते.

ता. १३ मे
ट्यूब उठली! कन्या म्हणाली, सुरुवातीचा गॅस पेटत नाही, सोडून द्या. सोडला. खालचे वकील नाकाला रुमाल लावून वर आले. "साहेब, वर काय मेलंय?" मी शांतपणे सांगितले, मेलेले काही नाही, ड्रममध्ये कोट्यवधी जीव काम करत आहेत. ते म्हणाले, मग त्यांना आंघोळ घाला.

ता. १९ मे
ट्यूब टम्म. कन्या म्हणते, एकदा पेटवून बघा. छे. पहिली ज्योत तिच्या चहाचीच, असा संकल्प आहे. ट्यूब फुटू नये म्हणून रोज पहाटे प्रार्थना झाली की वॉल्व्ह उघडून रिकामी करतो. फुस्स असा आवाज येतो. मन हलके होते. आकाश मोठे आहे.

ता. २६ मे
कन्या पहाटे वर आली. फुस्स ऐकले. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही रोज करता?" मी अभिमानाने हो म्हणालो. ती ड्रमच्या कडेला टेकली. न जळलेला मिथेन हवेत गेला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट ऊब धरून ठेवतो म्हणे. "जाळलात तर छान. नुसता सोडायचा असेल तर आपलं सिलिंडर बरं होतं."
आकाशाकडे बघवेना. खाली मान घालूनच त्याची क्षमा मागितली.

ता. २७ मे
आता सोडता येत नाही. संकल्पामुळे पेटवता येत नाही. ट्यूब मात्र फुगतेच आहे. ड्रमचे खाणे बंद केले.

ता. २८ मे
खाणे बंद, तरी ड्रम जोरात. चौकशीअंती कळले, ही रोज दुपारी साली टाकते. "तुम्ही एवढं मनावर घेतलंय, म्हटलं आपलाही हात लागू दे." इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या कामाला पहिल्यांदाच तिचा हात लागला. रागावता येईना.
पंक्चरवाल्याकडून दुसरी ट्यूब आणली. स्कूटरने. ट्यूब गळ्यात घालून चालत येणे शोभले नसते.

ता. ३० मे
सकाळीच स्वयंपाकघरातले चालू सिलिंडर संपले. दैवी संकेत. शेगडी गच्चीवर आणली. काडी लावली. विझली. दुसरी, विझली. कन्या म्हणाली, दाब कमी पडतोय. ही सरळ ट्यूबवर जाऊन बसली.
ज्योत! निळी, दिसेल न दिसेल अशी. मी हात जोडले. हात जोडले म्हणून वाऱ्याचा आडोसा गेला. विझली. पुन्हा लावली. ही उठून दुसऱ्या ट्यूबवर बसली. वकील जिन्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, जरा पुढे झुका." पाणी कोमट. टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवू लागला.
पत्ती टाकली. ती उघडलीच नाही, नुसती तरंगत राहिली. कन्येने उभ्याउभ्या सगळा कप संपवला. म्हणाली, "छान झालाय, बाबा." दातांत पत्ती अडकली होती.
टॅक्सी काळा धूर सोडत गेली. आज त्या धुराचा राग आला नाही. वळण संपेपर्यंत, ती कुठे पोचली तेवढे त्यावरून कळत होते.

ता. ३१ मे
घरात चहा नाही. दोन्ही ट्यूब पुन्हा टम्म. कन्येचा फोन आला, सुखरूप पोचली. म्हणाली, शेगडीचे छिद्र मोठे करून घ्या, म्हणजे ज्योत टिकेल, तोवर काही सोडू नका. बरे म्हणालो. उद्यापासून.
ही गच्चीवर राखण करत बसली आहे. मी मेहुण्याकडे निघालो आहे, सिलिंडर मागायला. स्कूटरने. टाकी रिकामी आहे, आधी पेट्रोल भरावे लागेल.