मुरारीभाऊंचे कान

सांगवी, १८ ऑगस्ट

चि. सुजितला अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून आपलं पत्रच बरं. धरणातून पाणी सोडलं त्या शनिवारी मुळा आमच्या गल्लीत शिरली. माझ्या मजल्यापर्यंत नाही, काळजी करू नकोस. पण वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि तू ज्याला आत्याचं खेळणं म्हणतोस त्या बिनतारी हॅम रेडिओवरूनच सांगवीचे निरोप बाहेर गेले.

दिघीच्या मुरारीभाऊंचा अँटेना टेकाडावर, म्हणून निरोप घेऊन बचाव पथकाला देण्याचं काम त्यांच्याकडे असतं. मागच्या चाळीतल्या ठकुबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्यासाठी स्ट्रेचर पाठवा, असं मी घसा फोडून सांगत होते. मुरारीभाऊंचं आपलं एकच, ताई, मधी कोन तरी बोलतंय, पुन्यांदा सांगा. मला तर कुणाचा चकार शब्द ऐकू येत नव्हता! स्ट्रेचर आलं तेव्हा पाणी खाटेला टेकलं होतं. बाई वाचल्या, पण छाती भरली म्हणून अजून दवाखान्यात आहेत.

दुसऱ्या दिवशी आमची रविवारची हवेतली, म्हणजे रेडिओवरची बैठक होती. सगळे ऐकत असताना मी मुरारीभाऊंना सुनावलं, की तुमचे कान गेलेत, आता सेट खाली ठेवा. बरं ताई म्हणाले आणि गेले. कुणीतरी स्पष्ट बोलायला हवंच होतं.

ट्रेकसाठी नेलेला माझा छोटा सेट परत आण. लोभ आहेच, सेट आणलास तर वाढेल.

तुझी,
इंदुआत्या

*

चाकण, २३ ऑगस्ट

ती. इंदुआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र कँटीनमध्ये उघडलं आणि ताट तसंच राहिलं. फोन करायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय. मुरारीकाकांच्या मध्ये बोलणारे आम्ही होतो.

यार्डात फोर्कलिफ्टवाल्यांना ओरडून ओरडून घसा बसायचा, म्हणून कंपनीने स्वस्तातले वॉकीटॉकी मागवले. सेटिंग कुणालाच जमेना. मी शहाणा! तुझा सेट केबलने जोडला आणि त्यातले सगळे चॅनल जसेच्या तसे आमच्या सेटमध्ये उतरवले. आत्या परवानेवाली, तिचं सेटिंग चुकीचं कसं असेल, एवढाच विचार केला. वर शेडवर उंच अँटेना चढवला. मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्यासाठी टाळ्याही वाजवायला लावल्या.

त्या शनिवारी एक म्हातारा माणूस सारखा मध्ये येऊन चॅनल मोकळा करा, इकडे पूर आलाय, असं विनवत होता. विक्की म्हणून आमचा एक फोर्कलिफ्टवाला आहे, तो त्याला म्हणाला, बाबा, औषध घेऊन झोपा आता. सगळे हसले. मीही हसलो, आणि सेटचं बटण तेव्हा माझ्या बोटाखाली दाबलेलं होतं, म्हणजे ते हसणं त्यांनाही ऐकू गेलं असणार. ज्यांच्या शेतावर लहानपणापासून हुरडा खाल्ला त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. आत्या, शरमेने जीव नकोसा झालाय.

सेट कपाटात बंद केलेत. साहेब म्हणतात, गुपचूप चॅनल बदल आणि विषय संपव. काय करू?

लोभ ठेव म्हणायला तोंड राहिलं नाही. तरी ठेव.

तुझा,
सुजित

*

सांगवी, २९ ऑगस्ट

चि. सुजितला आशीर्वाद. या खेपेला अनेक लिहवत नाही.

नुसता चॅनल बदलून भागणार नाही. हवा दिसत नाही म्हणून ती कुणाचीच नाही, असं नसतं. जगभरच्या देशांनी एकत्र बसून कुणी कुठल्या पट्ट्यात बोलायचं ते वाटून घेतलंय. विमानांचा पट्टा वेगळा, जहाजांचा वेगळा, पोलिसांचा वेगळा. त्यातली १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची चिंचोळी पट्टी आम्हा हौशी लोकांची, तीही परीक्षा देऊन परवाना काढलेल्यांची. काही पट्ट्यांत तर आम्ही दुय्यम, पहिला हक्कदार बोलू लागला की आपण मुकाट बाजूला व्हायचं. कंपनीने सरकारकडे अर्ज करून आपली वेगळी वारंवारता मागून घ्यावी. साहेबांना हे सांग.

तुला हे शिकवताना मलाच लाज वाटतेय. बिनपरवान्याच्या हाती सेट देऊ नये हे मी नव्या मुलांना बजावते, आणि भाच्याला लाडाने देऊन मोकळी झाले. आमची सांगवी खोलगट, तुमचा आवाज मला इथे येणारच नव्हता. टेकाडावर येणार. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि एवढं डोक्यात आलं नाही. एका चांगल्या माणसाला चारचौघांत बहिरं ठरवलं.

आणि खरं सांगू? तुझं पत्र आल्यापासून मी गप्प बसायचाच विचार करतेय. सगळं सांगितलं तर परवाना जाईल, आणि ज्यांना शिकवलं ती मुलं माझ्याकडे कशी बघतील? मन धजत नाही. सेट माझा होता हे तूही इतक्यात कुणाला बोलू नकोस.

तुझ्यावर लोभ आहे. स्वतःवर सध्या नाही.

इंदुआत्या

*

चाकण, ८ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, माफ कर. साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले, पण अर्ज करायला तयार झाले. मग काल दिघीला गेलो. काका गोठ्यात होते. अँटेनाचा खांब उतरवून भिंतीला टेकवून ठेवलाय. मी पाय धरले आणि बोलून टाकलं.

ते म्हणाले, आरं, तुजं हसनं म्या तवाच वळखलं. मग ताईंना का नाही सांगितलंत, विचारलं. तर म्हणे, त्यांचा सेट तुज्याकडं हाय हे मला ठावं होतं. बोललो असतो तर ताईंचा परवाना गेला असता. आमचं काय, कान गेलं म्हनत्यात तर म्हनू द्या.

हे तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली त्यांनी. ती मोडून लिहितोय.

तुझा,
सुजित

*

सांगवी, १५ सप्टेंबर

चि. सुजितला अनेक आशीर्वाद.

काल बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, सेट कुणी दिला, कान कुणाचे गेले होते. परवान्याच्या कार्यालयालाही कळवलंय, व्हायचं ते होवो. पण ज्यांनी ऐकायला हवं त्यांचा सेटच बंद. म्हणून दुपारी बसने दिघीला गेले.

अंगणात शेजारच्या बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. मी बोलायला लागले तर मुरारीभाऊंनी कानामागे हात धरला. काय म्हन्ता ताई, ऐकू येत न्हाई. मला वाटलं खरंच की काय! मग लक्षात आलं, बायांपुढे मला बोलावं लागू नये म्हणून चाललंय. मी आवाज चढवला. त्यांचा हात तसाच. शेवटी इतक्या मोठ्याने बोलले की गल्लीतली माणसं दारात आली. तुमचे कान शाबूत आहेत मुरारीभाऊ, चूक माझी आहे, म्हटलं.

तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. मेल्याहून मेल्यासारखं मला व्हायला हवं, आणि मान त्यांनी खाली घातली.

रविवारी ये. खांब पुन्हा उभा करायचाय, आणि ते नको म्हणणार आहेत.

तुझी,
इंदुआत्या