कोपऱ्यातलं टिंब

दि. १४, मंगळवार सकाळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. जिने चढू नकोस.

अकरा दिवसांनी काल बाजार उघडला, तोही अर्धाच. शटर गुडघ्याइतकं वर ठेवून माणसं आत बसतात, बाहेर गलका झाला की खाली ओढतात. रस्ता रुंद करायला गाळे पाडणारच, असं एक जण सांगतो. मोर्च्यामुळे नगरपालिका नरमली, असं दुसरा. मला पाट्या रंगवायचं काम मात्र भरपूर. समोरच्या कापडवाल्यानं एकाच फळीच्या दोन बाजू रंगवून घेतल्या. एकीकडे ‘मोर्च्याला पाठिंबा’, दुसरीकडे ‘शांतता राखा’. समोरून कोण येतंय ते बघून फळी फिरवतो. काल घाईत चुकीची बाजू दाखवली आणि काच घालवली.

वकिलाला कोठडीत भेटून आलो. तुझा लेक तिशीला आला, वायरिंगची कामं करतो, तरी लहानपणी तुझ्याशी हुज्जत घालायचा म्हणून पडलेलं ‘वकील’ हे नाव काही सुटत नाही. अख्ख्या बाजाराचा पुढारी झाला, पण पहारेकऱ्याकडे साबण मागायला लाजतो. मोर्च्यात दगड त्यानं मारले नाहीत हे पोलीसही जाणतात. मोर्चा कुणी बोलावला, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते सगळ्यांनी पोटात ठेवलं होतं.

तरी ते बाहेर गेलं. पोलीस न्हाव्याकडे दाढी करतात, म्हणजे त्यानंच सांगितलं, असं लोक कुजबुजत होते. तू आलीस त्या दिवशी त्याच्या दारात उभी राहून त्याला जे बोललीस, त्यानंतर कुजबुज थांबली आणि सगळे उघड बोलू लागले. त्याच्या खुर्चीत आता कुणी बसत नाही. परवा कुणीतरी आरसा फोडला. तो गाळा सोडून जायचं म्हणतोय.

एवढं लिहून दोनदा उठलो. धुतलेले ब्रश पुन्हा धुतले.

पत्राच्या माथ्यावर टिंब नाही, हे तू पाहिलंच असशील. पहिलं टिंब देवाचं, मग आपली अक्षरं, असं शाळेत गुरुजींनी आपल्या दोघांना शिकवलं होतं. आजवर प्रत्येक पाटीच्या डाव्या कोपऱ्यात ते काढत आलो. मोर्च्याच्या चाळीस फलकांवरही काढलं.

मोर्च्याच्या दुसऱ्या दिवशी एक साहेब त्यातलाच एक फलक घेऊन दुकानात आले. दमदाटी नाही, आवाज नाही. म्हणाले, “अक्षर काय सुरेख आहे. हल्ली असं कोण काढतं?”

ताई, भीती वाटली असती तर मी गप्प बसलो असतो. मी फुगलो. त्यांना बसायला स्टूल दिलं, टिंब दाखवलं, गुरुजींची गोष्ट सांगितली. त्यांनी अगदी सहज विचारलं, एवढं मोठं काम आणून दिलं कुणी? आणि मी कौतुकानं म्हणालो, “दुसरं कोण, आमचा भाचा.”

ते उठून गेल्यावर स्टूल आत घेताना मला कळलं, मी काय बोललो ते. संध्याकाळी त्याला नेलं.

त्या दिवसापासून देवापुढे बसतो, पण हात जोडले जात नाहीत.

काल न्हाव्याकडे गेलो, सांगायचंच असं ठरवून. फुटक्या आरशासमोर बसलो. त्यानं गळ्याभोवती फडकं गुंडाळलं, साबण लावला आणि हलकेच म्हणाला, “पेंटर, तुम्ही तरी आलात.”

मग वस्तरा गळ्याशी होता, म्हणून बोललो नाही. वस्तरा पुसून ठेवल्यावरही बोललो नाही.

आज दहाला गाळेवाल्यांची बैठक आहे. न्हाव्यालाही निरोप धाडलाय. तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पुढे कुणी मला पाटी देवो न देवो. वकिलाला मीच जाऊन सांगेन, ते तुझ्यावर टाकत नाही. तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून जाताना हे पत्र पेटीत टाकतो.

न्हाव्याला दोन ओळी लिही. मला लिहायच्या की नाही, ते तू ठरव.

तू त्याला बोलत होतीस तेव्हा तुझी पिशवी हातात धरून शेजारी गप्प उभा राहिलेला,

तुझा धाकटा भाऊ