संध्याकाळचं दूध

बाई, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, तरी तुम्ही मला चारचौघांत अडवलंत तो दिवस अजून आठवतो. दुष्काळ होता. पिकं गेली होती, घरात येणारा पैसा दुधाचाच. तोही निम्मा, कारण गाडी फक्त सकाळी यायची आणि संध्याकाळचं दूध नासायचं. संगमनेरजवळ दूध थंड ठेवायचा कारखाना काढायचं चाललं होतं. त्यासाठी एक परदेशी सरकार आपल्या सरकारला कर्ज देणार होतं. यंत्रं मात्र त्यांच्याच देशातली घ्यायची. आधी त्यांचा साहेब गाव बघायला आला. मी दूध सोसायटीत नुकती कारकून लागले होते. इंग्रजीसाठी तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही म्हणालात, "माझी विद्यार्थिनी बोलेल. मी शेजारी बसते."

शाळेच्या पडवीत बायका बसल्या आहेत. साहेब विचारतो, काही शंका? सोसायटीचे चेअरमन मला डोळ्यांनी दटावतात. कर्ज दुसऱ्या जिल्ह्याला जाईल अशी त्यांना धास्ती. मागून एक म्हशीवाली उठते. "मशीन बिगडलं तर तिकडून मानूस येनार का? तवर आमी दूध कुठं घालायचं?" मी साहेबाला सांगते, बायका फार आभारी आहेत. तुम्ही शांतपणे म्हणता, "ती असं म्हणाली नाही. पुन्हा सांग." माझे कान तापतात. मी तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगते. साहेब तो वहीत लिहून घेतो. मग म्हणतो, "मला माहीत नाही. विचारून कळवतो."

परतताना मला रडू आवरेना. तुम्ही म्हणालात, "कर्ज गेलं तर माझं नाव सांग."

कर्ज गेलं नाही. उत्तर यायला कितीतरी महिने लागले, पण आलं: यंत्रांबरोबर सुटे भाग मिळतील, आणि इथल्या दोघांना तिकडे नेऊन दुरुस्ती शिकवतील. कारखाना उभा राहिला. पुढे तो अधूनमधून बंद पडे, आणि आपलीच माणसं तो चालू करत. संध्याकाळची गाडी पहिल्यांदा आली त्या दिवशी ती म्हशीवाली तुमच्या दारात तांब्या घेऊन उभी होती. "उरल्यालं न्हाई, बाई. तुमच्यासाठी येगळं काढलंय."

हे पत्र मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि तुम्ही चुका काढाल या भीतीनं कागद फाडला.