मधपेट्यांचा ट्रेलर

प्रिय डेलिया,

परवापासून तुझे फोन येताहेत आणि मी ते उचलत नाहीये. आधी एवढंच सांगते, मी रागावलेली नाही आणि मला काही झालेलंही नाही. फोन कानाला लावला की माझं बोलणं हवापाण्यावरच अडकतं, हे तुला माहीत आहे. कागद समोर असला की जरा सुचतं. तेव्हा चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

विलार्डच्या कमरेचं ऑपरेशन झालं. दर वर्षी आपल्या पेट्या वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदाच्या बागांत नेऊन सोडणं आणि फुलोरा संपला की परत आणणं हे शेजारी म्हणून त्याचंच काम. यंदा त्याने त्या नेल्या, आणि आणायची वेळ आली तेव्हा गडी कुबड्यांवर. त्यात बागवाल्याचा फोन आला की फुलं गळाली आहेत, उद्या दुपारपासून फवारणी सुरू करणार, त्याच्या आत तुमच्या माश्या हलवा. फवारणीत सापडल्या तर काय उरणार, हे तुला सांगायला नको. विलार्डचा ट्रक गिअरचा, तो मला झेपत नाही; मग ट्रेलर ओढायला घरात गाडी एकच, सोरेनची. तो गेल्यावर तू ती माझ्या अंगणात सोडून गेलीस, आणि गेले तीन हिवाळे मी तिला फक्त किराणा आणायला बाहेर काढते. विलार्ड कुंपणाशी आला, कुबडीवर हनुवटी टेकवली आणि म्हणाला, “ओलिना, मागे ट्रेलर जोडलास की ही विजेची गाडी बकरीसारखी बसते. अर्ध्या रस्त्यात बसली तर मला फोन करू नकोस, मी हसत असेन.” मी म्हटलं, “तू हस. हसताना टाके सांभाळ.”

खरं सांगू का, निघण्याआधी मी गाडीभोवती दोनदा फिरले. गाडी विकत घेतली त्या उन्हाळ्यात सोरेन मला समजावत होता, “आई, ताकद भरपूर आहे, काळजी ताकदीची नाही. ओझं ओढताना एका चार्जिंगचा पल्ला निम्म्यावर येतो, तेवढं डोक्यात ठेव. आणि वारा समोरून असला तर निम्म्याचाही भरवसा धरू नकोस.” तेव्हा मी भांडी घासत होते, हं हं करत होते. परवा बागेतून पहाटे चोवीस पेट्या जाळीखाली बांधून निघाले तेव्हा त्यातला शब्दन् शब्द आठवला. गाडीतला पडदा सुरुवातीला तीनशे मैल दाखवत होता. गावाबाहेर पडेपर्यंत त्यातले शंभर कुठे गेले, ते त्यालाच ठाऊक.

पण गाडी ओढते कशी म्हणून सांगू! चढावर विलार्डचा डिझेल ट्रक जसा कण्हतो तसं काही नाही. आवाज नाही म्हटल्यावर मागच्या माश्यांची गुणगुण मला आत बसून ऐकू येत होती. त्रास होता तो थांबण्याचा. चार्जर सगळे लहान गाड्यांसाठी मांडलेले, तोंड आत घालून उभं राहायचं. ट्रेलर मागे असला की शेपूट रस्त्यात. मग प्रत्येक ठिकाणी ट्रेलर सोडवा, सावलीत लावा, गाडी नेऊन जोडा, भरली की परत येऊन साखळ्या अडकवा. एका बाईने खिडकी खाली करून विचारलं, “ट्रेलरमधून हा आवाज कसला येतोय?” मी म्हटलं, “माश्यांचा.” काच तिने इतक्या वेगाने वर केली की मला तिची दया आली. एकदाचं स्पोकेन शहर मागे पडलं. ट्रकांच्या मागे मागे हळू चालवत मी पल्ला वाचवत होते. खिंड चढताना आकडा भराभर उतरला, पलीकडे उतरताना थोडा परत आला. वाटलं, जमलं.

खिंडीच्या पायथ्याशी ज्या चार्जरवर माझी सगळी भिस्त होती, त्याला पिवळी पट्टी गुंडाळलेली. दुरुस्ती चालू. पुढचं मिझूला शहर गाठण्याइतका जीव गाडीत नव्हता आणि समोरून वारा सुटला होता. ऊन डोक्यावर आलं होतं. गाडी चालत असते तोवर जाळीतून वारा खेळतो, माश्या तग धरतात. उभी राहिली की पेट्यांची भट्टी होते, आत मेण वितळून सगळा वंश गुदमरतो. मला एकच गाव पोचण्यासारखं होतं, तुमचं. तुला फोन केला, तो लागला नाही. दवाखान्यात पाळीवर असताना तू तो कपाटात ठेवतेस, हे माहीत होतं. नाताळच्या कार्डावरचा पत्ता माझ्याकडे होता. म्हटलं, पोरीच्या अंगणात पाणी तरी मिळेल, किल्ली कुठे ठेवतेस तेही शोधीन.

दार त्याने उघडलं. पायरीवर तुझे निळे बूट, त्यांच्याशेजारी हे भलेमोठे पुरुषी बूट, आणि दारात हा उंच माणूस, हातात अर्धं सँडविच. मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि जीभ उचलेना. एवढंच म्हणाले, “माझ्या माश्या उन्हात आहेत. थोडं पाणी आणि वीज मिळेल का?” त्याने एक प्रश्न विचारला नाही. सँडविच कठड्यावर ठेवलं आणि धावलाच. ट्रेलर मागे घेताना मला हातवारे करून दाखवले, मॅपलच्या सावलीत लावून घेतला. वेल्डिंगच्या यंत्राचा मोठा प्लग शेडमध्ये होता, त्यावर गाडी लावली. “हळूहळू भरेल काकू, पण भरेल.” मग नळी ओढून आणली आणि हात लांब करून, अंग मागे खेचून, डोळे बारीक करून जाळीवर पाणी मारायला लागला. मी म्हटलं, “घाबरतोस?” तो म्हणाला, “जाम. एक जरी बाहेर आली तरी मी नदीत उडी मारणार, आधीच सांगून ठेवतो.”

दोन-तीन तास आम्ही त्या सावलीत होतो. तो पाणी मारायचा, मी जाळी तपासायची. मधे त्याने मला आत नेऊन सूप दिलं. तुझ्या स्वयंपाकघरात फळीवर सोरेनचा फोटो दिसला, तळ्यावरचा, टोपी मागे सरकवलेला. मी बघत राहिले म्हणून तोच बोलला, “हा सोरेन. डेलियाचा नवरा. तळ्यावरचं बर्फ फुटलं आणि गेला. मी इथे राहायला आलो तेव्हा ती फोटो काढून ठेवायला लागली, मीच म्हटलं राहू दे, त्याची जागा आधीची.” मी सूप ढवळत राहिले. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग तो आपणहूनच सांगत सुटला. माणूस वाटसरूपाशी जास्त मोकळं बोलतो, तसा. “आम्हाला लग्न करायचंय. मागच्या पानगळीपासून ठरलंय, पण तारीख निघत नाही. तिच्या सासूला सांगितल्याशिवाय ती तारीख धरणार नाही, आणि सांगवत नाही. फोन हातात घेते आणि ठेवून देते. मला म्हणते, ‘एल्डन, तिचा एकुलता एक मुलगा होता तो, कोणत्या तोंडाने सांगू?’ मी घाई करत नाही. पण रात्र रात्र जागते हो ती.”

बाहेर येऊन त्याने परत नळी धरली. मी बघत होते. पाणी एकाच पेटीवर पडत राहिलं, हलेचना. तुझ्या सासऱ्यांनी प्रत्येक पेटीवर तापल्या लोखंडाने आपलं आडनाव उमटवलंय, आणि ओल्या लाकडावर ते काळंभोर उठून दिसतं. ऑस्टबी. मी म्हटलं, “अरे, ती पेटी बुडेल.” त्याने नळी खाली टाकली, टोपी काढली आणि गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, “तुम्ही आई.” मी म्हटलं, “हो.” त्याने जाऊन नळ बंद केला आणि परत आला. शेवटी तोच म्हणाला, “मी फार बोललो का?” मी म्हटलं, “पुरेसं बोललास.”

तू येईपर्यंत थांबा म्हणाला. पडद्यावर मिझूलापुरता आकडा आला होता आणि मी माश्यांचं कारण पुढे केलं. कारण खरंही होतं. पण तू दारातून आत आली असतीस, मला बघून तुझा चेहरा पडला असता, आणि एका क्षणात मला हसून दाखवावं लागलं असतं, ते मला जमलं नसतं. रडले असते, आणि तू त्या रडण्याचा भलताच अर्थ लावला असतास. त्याने आग्रह धरला नाही. वाकून ट्रेलरची कडी हलवून पाहिली, साखळ्या पाहिल्या, दिवे लागतात का ते पाहिलं, आणि मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. तुमच्या गावापासून मिझूलापर्यंत मी रडून घेतलं. सोरेनसाठीच रडले, पण खूप दिवसांनी ते रडणं हलकं होतं. तिथे गाडी परत भरली आणि दिवस मावळता मावळता घरी पोचले. विलार्ड कुबड्या टेकत फाटकाशीच उभा होता. पेट्यांवर कान लावत फिरला आणि फक्त म्हणाला, “सगळ्या जिवंत आहेत.” काल सकाळी त्या उत्तरेच्या कुरणात मांडल्या. पिवळी फुलं आली आहेत, माश्या कामाला लागल्या आहेत.

आता पत्र कशासाठी, ते. डेलिया, तारीख धर. मला सांगायचं राहिलंय म्हणून जे अडलं होतं ते आता मला कळलंय, तुझ्या तोंडून नाही कळलं म्हणून काही बिघडलं नाही. तू माझ्या मुलाला जीव लावलास, तो गेल्यावरही मला आई म्हणायचं सोडलं नाहीस. ते नातं तू परत लग्न केल्याने तुटेल असं मला एकदाही वाटलेलं नाही, तुला वाटलं असेल तर ते आज पुसून टाक. एल्डन चांगला माणूस आहे. घाबरत का होईना, तीन तास नळी धरून उभा राहिला. जुलैत मध काढायचा असतो, तेवढा महिना सोडून कुठलाही दिवस ठरव, मी येते. आणि एक मागणं आहे. तुझी आई जाऊन आता किती वर्षं झाली. लग्नात नवरीकडच्या पहिल्या रांगेत आईची खुर्ची असते, ती रिकामी ठेवू नकोस. तिथे मी बसेन.

तुझीच,
आई