उद्याचं मेडल

मंगळवार, संध्याकाळ

…आणि काउन्सेलर म्हणून प्रॉमिस मीच केलं होतं, की माझ्या केबिनमध्ये बोललेलं बाहेर जाणार नाही. मग देवकरकाका बोलले. उद्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांचा वाढदिवस, म्हणजे दारू सोडल्याला एक वर्ष; त्याचं मेडल मिळतं. आणि गेल्या रविवारी ते प्यायले. "तुम्ही नवीन आहात म्हणून सांगितलं," म्हणाले. "तुमच्या जागी मोठे सर असते तर ओरडले असते." थँक्स, काका.

बाहेर काकू बसल्या होत्या. "अगं, उद्या मेडल मीच घालणार. लग्नातल्या हारानंतर ह्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच काहीतरी घालतेय. पेढे सांगून ठेवलेत."

मी हसले. खोटं नाही बोलले, पण हसले, आणि तेच डोक्यातून जात नाहीये. काकूंना सांगितलं, तर काका परत कुणाशीच खरं बोलणार नाहीत. नाही सांगितलं, तर उद्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही. पुन्हा हसत.

आठवतंय ना तुला, एथिक्सच्या पेपरला ह्याच प्रश्नावर मला फुल मार्क्स होते. तिथे काकू नव्हत्या.

सकाळी काकांना फोन करून म्हणू का, की मेडल घ्यायच्या आधी घरी तुम्हीच सांगा? की हे त्यांच्यावर प्रेशर टाकणं झालं? तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?